दिग्या, तुझी रेघ खोटी निघाली

दिग्या,

तुझ्या शोकसभेत तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मध्येच मला शंका आली, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेत तर येऊन बसलो नाही ना. प्राचार्य म्हणाले, "दिगंबर सर म्हणजे मृदू स्वभाव. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही." शेवटच्या रांगेत आपल्या प्रयोगशाळेतल्या संपतला खोकल्याची उबळ आली आणि तो उठून बाहेर गेला. त्याला तू एकदा अख्ख्या वर्गासमोर विचारलं होतंस, "संपतराव, हे भिंग तुम्ही पुसलं की चाटलं?" मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

मला बोलायला उभं केलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की दिगंबर माझा मित्र होता आणि आता मला भांडायला कुणी राहिलं नाही. लोकांना वाटलं, मला भरून आलंय. मला राग आला होता. चांगला धडधाकट माणूस सकाळी दूध आणायला जातो आणि परत येत नाही, ही काय जायची रीत झाली? आणि आता जे सांगणार आहे ते तुला तोंडावर सांगायची संधी तू मला दिली नाहीस, याचा तर इतका राग आहे की समोर असतास तर कॉलर धरली असती. आपण दोघांनी अर्धं आयुष्य घालून जे केलं ते खोटं निघालंय. आणि खोटं तुझ्या बाजूने निघालंय.

आपण एकाच वर्षी या कॉलेजात लागलो. तू विंचूरच्या कांदेवाल्यांचा, मी नाशिकरोडच्या कॉलनीतल्या कारकुनाचा मुलगा. बाबांनी मला दोनच गोष्टी बजावून पाठवलं होतं, भरपूर शीक आणि साहेब लोकांच्या नादी लागू नकोस. पहिल्याच आठवड्यात तू मला म्हणालास, "मिल्या, तू कधी मोठ्याने भांडणार नाहीस. माणसाच्या आजूबाजूला कोण उभं होतं ते बघितलं की तो कुठवर जाईल ते कळतं." काय बोललास ते तुला पुरतं माहीत होतं. मी स्टाफरूममध्ये तुझ्याशी इतक्या मोठ्याने भांडलो की शेजारच्या वर्गातला तास थांबला. माझं बोलून झाल्यावर तू दोन चहा मागवलेस आणि म्हणालास, "हां. आता तुझ्याबरोबर काम करता येईल." माफी वगैरे काही नाही. चहाचे पैसेही मीच दिले.

आपण नक्की काय करतो हे मला कधी कुणाला धड सांगता आलं नाही. ते तूच सांगावंस. विंचूरला तुझ्या ओट्यावर बसलो होतो, तुझी आई, आपल्या अक्का, कांदे निवडत होत्या, आणि त्या म्हणाल्या, "तुमी दोघं शिकले-सवरलेले, दिसभर त्या डबड्यात डोकं घालून करता तरी काय?"

तू अक्कांशी बोलायला लागलास की तुझी भाषा क्षणात गावाला जायची. "अक्का, कुंभात गंगेवर गर्दी असती ना? गर्दी पुढं सरकती, आपण बी तिच्यासंगं सरकतो. त्यात आपलं काय कर्तृत्व नाय. पण मधीच एखाद्या बाजूला लय माणसं दाटली की आपण तिकडं जरा जास्त ओढलं जातो. आभाळात असंच हे. तिथं लांब लांब ताऱ्यांची गावं हायेत, त्यांना दीर्घिका म्हणत्यात. आभाळ पसरतंय म्हणून त्या सगळ्या लांब लांब चालल्यात. पण त्याशिवाय दर एकीची आपली स्वतःची बी थोडी चाल असती, कारण आजूबाजूच्या तिला ओढत्यात. ती चाल मिल्या मोजतो. मी मोजत नाय. मी नुसतं बघतो कोण कुठं उभी हे, आन सांगतो ही इकडं इतकी ओढली जाणार."

"आन मग?"

"मग दोघांचं जुळवून बघायचं. जुळलं तर ओढाओढीचा कायदा आपल्याला कळला."

"आन नाय जुळलं तर?"

"तर मिल्याचं चुकलं."

अक्का इतक्या हसल्या की कांदा हातातून सुटला. मीही हसलो. हे तुझं विनोदातलं वाक्य तू पुढे किती गंभीरपणे जगलास, ते तेव्हा कळलं नाही.

आपला नियम तूच घातला होतास. माझे आकडे माझ्या संगणकात, तुझे तुझ्या. एकमेकांना दाखवायचे नाहीत. दोघांचं काम पुरं झालं की एकाच दिवशी, एकाच बैठकीत पेटी उघडायची, म्हणजे दोघांचे आकडे समोरासमोर मांडायचे, आणि जे निघेल ते शब्दही न बदलता छापायचं. कारण मी तुझं भाकीत आधी पाहिलं तर मोजताना माझा हात नकळत तिकडे झुकेल, आणि तू माझं मोजमाप पाहिलंस तर तुझा. स्टाफरूममध्ये लोक आपल्याला हसायचे, म्हणायचे, हे दोघं म्हणजे एका घरातल्या दोन जावा, आपापल्या कपाटाला कुलूप लावून बसलेल्या. मी तुला विचारलं होतं, "माझ्यावर विश्वास नाही का?" तू म्हणालास, "तुझ्यावर आहे. माझा माझ्यावर नाही." तुझ्या तोंडून आलेलं एवढं नम्र वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. त्याच वाक्यावर मी इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढली.

आता रूपालीचं बोलतो. हा विषय निघाला की तू उठून जायचास. आता कुठे जाशील?

रूपाली तुझी विद्यार्थिनी. दिंडोरीची, वडिलांची द्राक्षबाग, घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. पीएचडीला तिने तुझ्याकडे नाव घातलं तेव्हा मी तिला हळूच म्हणालो होतो, "सरांचं बोलणं मनावर घेऊ नकोस." ती म्हणाली, "आमच्याकडे बाबा ट्रॅक्टरशीसुद्धा असंच बोलतात, सर." चांदवडजवळच्या त्या चर्चासत्रात तिने पहिल्यांदा तिचं काम मांडलं. सुंदर रेघ आली होती. आडव्या बाजूला भाकीत, उभ्या बाजूला मोजमाप, आणि सगळे ठिपके ओळीने बसलेले. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तू पहिल्या रांगेतून उठलास. तिने भाकीत करताना एके ठिकाणी मोजमापाचेच आकडे आत घेतले होते. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच पेपर काढायला बसवलं होतं. जुळणार नाही तर काय होईल?

चूक तू बरोबर पकडलीस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढे जे बोललास ते माझ्या कानात अजून आहे. "रूपाली, एकच सांग. हे तुला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं तर तू लबाड आहेस. माहीत नव्हतं तर मठ्ठ आहेस. दोन्हींतलं काय लिहू?"

ती माइक धरून नुसती उभी राहिली. तू थोडा वेळ वाट पाहिलीस आणि अध्यक्षांना म्हणालास, "पुढचं घ्या."

परतताना घाटाखालच्या ढाब्यावर आपण थांबलो. मी म्हणालो, "खोलीत बोलावून सांगता आलं असतं." तू म्हणालास, "मिल्या, गोड बोलून आकडा बदलत नाही." मी म्हणालो, "आकडा बदलत नाही, पण पोरगी मोडेल." तू म्हणालास, "मोडली तर ती या धंद्याची नव्हती." तुझं म्हणणं असं की एखाद्याची चूक सगळ्यांसमोर सोलून दाखवणं हाच त्याचा मान. ज्याला आपण काहीच समजत नाही त्याला आपण गोड बोलतो. माझा वडापाव थंड झाला. रूपाली त्यानंतर कॉलेजात आलीच नाही. वडिलांचं ऐकून बागेत उतरली. तुला एकदा दिंडोरीच्या रस्त्यावर दिसली होती म्हणालास, ट्रॅक्टर चालवताना. "छान चालवते," म्हणालास. हे तू टोमणा म्हणून म्हणालास की कौतुकाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि तरी मी तुला सोडलं नाही, कारण त्याच जिभेने तू मला वाचवलंही होतंस. एका मोठ्या शहरातून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकाने जेवताना मला हसत विचारलं होतं, "तुम्ही कोणत्या कोट्यातून?" माझा घास तोंडातच राहिला. तू पलीकडून, हातात पुरी, म्हणालास, "सर, तुम्ही कोणत्या कोट्यातून आलात ते सकाळी तुमच्या भाषणात कळलंच आम्हाला." मग त्याच्या भाषणातल्या चुका तू श्रीखंड संपेपर्यंत ओळीने मोजून दाखवल्यास. तो माणूस पुन्हा नाशिकला आला नाही. मी त्या दिवशी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, आणि बाबा म्हणाले, "तुझा मित्र भला माणूस नाही, पण त्याला धरून राहा." बाबा आजारी होते तेव्हा तू दवाखान्याच्या बाकावर बसून माझा मसुदा वाचायचास आणि मला शिव्या द्यायचास. बाबांना त्या शिव्या ऐकून बरं वाटायचं. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तूच नाक मुरडलं असतंस.

तर असा तू. तुझा दहावा आला.

रामकुंडावर मी जरा लांब उभा होतो. आमच्याकडे हे नाही, आणि तुझाही यावर काडीचा विश्वास नव्हता. पण अक्का होत्या, आणि त्यांच्यासमोर विश्वासाची चर्चा कोण करणार? पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसलेले, पण एकही खाली येईना. तुझे चुलते म्हणाले, "पोरांचं शिक्षण आम्ही बघू." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "अक्काला अंतर देणार नाय." नाही. ऊन चढत चाललं. अक्का खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आरं माझ्या लेकरा, आसं काय राहिलं रे तुझं?" तो आवाज मला सहन झाला नाही. तेव्हा वैशाली वहिनी मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला ठाऊक आहे काय राहिलंय. तुम्ही सांगा ना त्यांना."

सगळे वळून बघायला लागले. मी पुढे झालो आणि हात जोडून, मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा एका कावळ्याला उद्देशून बोललो. "दिग्या, पेटी उघडतो. पेपर पुरा करतो."

कावळा आला. गुरुजी त्याच क्षणी छत्री घेऊन बाजूला सरकले होते, हे मी पाहिलं. तू असतास तर म्हणाला असतास, एका निरीक्षणावरून काय सिद्ध होतं? पण तुझे नातेवाईक मला नमस्कार करत होते, आणि अक्कांनी माझा हात धरून ठेवला होता. त्यानंतर मागे फिरायची सोय उरली नाही.

पेटी तुझ्याच घरी उघडली. तुझ्या टेबलावर. तुझ्या खुर्चीत मी बसलो नाही, शेजारी स्टूल घेतलं. वहिनींनी शिरा केला होता, कारण तुझं तसं ठरलं होतं म्हणे. दोन्हीकडचे आकडे एकत्र केले आणि पडद्यावर ठिपके उमटले. रेघ. दिग्या, इतकी सरळ रेघ की मी चष्मा काढून पुसला. वहिनींनी विचारलं, "बरोबर आलं का?" मी म्हणालो, "बरोबर आलं, वहिनी." त्या रडल्या. मग विंचूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आई, यांचं बरोबर आलं!" पलीकडून अक्का म्हणाल्या, "मंग मिलिंदचं चुकलं का?" "नाही आई, दोघांचंही जुळलं." अक्का म्हणाल्या, "बरं झालं बाई. लेकरू सुटलं."

मी शिरा खाल्ला. त्या दिवशी घरी जाताना मी तुझ्याशी मोठ्याने बोलत गेलो. तुला सगळं माफ केलं, रूपालीचंही. इतकं बरोबर येणाऱ्या माणसाला थोडं कडू बोलायचा हक्क असतो, असंही स्वतःला सांगून टाकलं.

मग पेपर लिहायला बसलो. लिहिताना एकेक दीर्घिका तपासत गेलो, कारण तूच ती सवय लावली होतीस. आणि एका ठिकाणी अडकलो. एका दाट थव्यातली एक दीर्घिका आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचं अंतर मी चुकीचं काढलं होतं. ती आपल्याकडे किती कललेली आहे याचा अंदाज चुकला, म्हणून तिचा फिरण्याचा वेग चुकला, म्हणून त्या वेगावरून काढलेलं अंतर चुकलं, म्हणून तिची स्वतःची चालही भलतीच आली. पुढे चांगलं छायाचित्र मिळालं तेव्हा मी आकडा दुरुस्त केला. आपल्या धंद्यात असं चालायचंच. पण तुझं भाकीत माझ्या दुरुस्त आकड्याशी जुळत नव्हतं. ते माझ्या जुन्या, चुकीच्या आकड्याशी जुळत होतं.

मी एका छायाचित्रात एक कोन चुकीचा वाचला, नाशिकमध्ये, एका पावसाळी दुपारी. ती चूक करोडो प्रकाशवर्षं लांबच्या गुरुत्वाकर्षणाला कशी कळली?

कळली नव्हती. तू सांगितली होतीस. हळूहळू मला आठवलं. कॉलेजात तपासणी समिती येणार होती, आणि प्राचार्यांना विभागाच्या भिंतीवर काहीतरी मोठं, रंगीत हवं होतं. तू ब्रह्मांडाचा नकाशा छापून लावायचा ठरवलास. त्या दाट थव्यात तुझ्या पद्धतीने दीर्घिकांच्या जागा नीट बसत नव्हत्या. तिथे सगळ्या एकमेकींकडे इतक्या वेगाने ओढल्या जात असतात की नुसत्या वेगावरून कोण पुढे आणि कोण मागे हे कळत नाही. तू मला म्हणालास, "मिल्या, तेवढ्या भागाची तुझी अंतरं दे, चित्रापुरती." आपला नियम तेव्हा झालेला नव्हता. मी दिली. चित्र सुरेख झालं, समितीने त्यासमोर उभं राहून फोटो काढले. आणि पुढे तू तोच नकाशा घेऊन त्यावर सगळी भाकितं उभी केलीस. माझी अंतरं आतच राहिली. त्या थव्यातल्या दीर्घिका एकमेकींना किती ओढतात हे तू माझ्या मोजमापावरूनच ठरवत होतास आणि मग ते माझ्या मोजमापाशी जुळतं म्हणून बघणार होतास.

याच चुकीवर तू रूपालीला सभागृहात उभं ठेवलं होतंस. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तुला घाट उतरण्याआधी दिसायचं, दिग्या. स्वतःचं मुसळ तू रंगवून, मोठं करून विभागाच्या भिंतीवर टांगलं होतंस, आणि आपण दोघं रोज त्याच्याखालून जात होतो.

मी माझी अंतरं काढून टाकली आणि उरलेल्यावर पुन्हा सगळं मांडलं. रेघ गेली. ठिपके चिवडा सांडल्यासारखे पडले. थोडा कल आहे, नीट बघितलं तर. पण त्याच्यावर कुणी टाळ्या वाजवणार नाही.

यानंतर जे मनात आलं ते आलं नसतं तर बरं झालं असतं. गेल्या दिवाळीत आपण पेटी उघडणार होतो. तू म्हणालास, परीक्षा होऊ देत. परीक्षा झाल्या, तू म्हणालास, विंचूरच्या घराचं काम आहे. मग उन्हाळा आहे म्हणालास. उन्हाळ्याचा आणि दीर्घिकांचा काय संबंध? तुला कधीही, कशासाठीही थांबता यायचं नाही. सिग्नललाही तू शिव्या द्यायचास. आणि याच एका गोष्टीसाठी तू पुन्हा पुन्हा थांबत राहिलास. शेवटचं भेटलो तेव्हा मी चिडून म्हणालो, "तुझं नाही ना काही चुकलं?" तू हसलास आणि विषय बदललास. तू विषय बदलणारा माणूस नव्हतास.

तुला माहीत होतं का?

मी तुझा संगणक धुंडाळला नाही. धुंडाळला असता तर कदाचित कळलंही असतं. पण मला कळून घ्यायचं नाही, आणि एखादी गोष्ट कळून न घ्यायची इच्छा मला आयुष्यात पहिल्यांदा झाली, तीही तुझ्यामुळे. तू गेल्यानंतर तू माझं हे वाटोळं केलंस.

वहिनींना सांगायला गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आईंना परत फोन करू का मी? सांगू, की तुमच्या मुलाचं चुकलं?" मी म्हणालो, "अक्कांना नका सांगू. पण पेपरात लिहावं लागेल." त्या म्हणाल्या, "तुम्ही शब्द दिला होता, त्यांचं पुरं करीन म्हणून." मी म्हणालो, "पुरंच करतोय." त्या म्हणाल्या, "याला पुरं करणं म्हणतात? भावजी, वर्ष तरी होऊ द्यायचं. ते असते तर..." आणि त्या थांबल्या, कारण तू असतास तर काय केलं असतंस ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्याचं असं काही सापडलं असतं तर तू संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबला नसतास. त्या आत गेल्या. मी दार ओढून घेऊन निघालो. त्यानंतर त्यांचा फोन नाही. माझे दोन त्यांनी उचलले नाहीत.

पेपरात मी लिहिलंय की भाकितात मोजमापाचे आकडे अनवधानाने राहून गेले. "अनवधानाने" हा शब्द मी पुष्कळ वेळा खोडला आणि पुन्हा लिहिला. लोक विचारतात, विभागातले, बाहेरचे, फोन करून. मी सगळ्यांना सांगतो, दिगंबरला कळलंच नव्हतं. तूच तर दोन खाने आखून ठेवले होतेस, लबाड आणि मठ्ठ. मी तुला दुसऱ्यात बसवलं. मला पक्कं माहीत आहे, तुला लबाड म्हटलेलं चाललं असतं. मठ्ठ म्हटलेलं तू कधी खपवून घेतलं नसतंस. म्हणूनच ते निवडलं असं म्हणालास तर मी नाही म्हणणार नाही. पण वहिनींना आणि पोरांना तू मठ्ठ परवडशील, लबाड परवडणार नाहीस. आणि खरं सांगतो, मलाही परवडणार नाहीस. लबाड माणसासाठी मी इतकं रडलो असतो का?

काम मात्र उरलंच. त्या थव्यातल्या दीर्घिकांच्या जागा माझ्या मोजमापाला हात न लावता बसवायच्या, हे मला येत नाही. तुलाही धड येत नव्हतं, म्हणून तर हे सगळं झालं. रूपालीचा प्रबंध नेमका त्यावर होता. तिची पद्धत चांगली होती, चूक दुसऱ्याच टोकाला होती. हे तू मला ढाब्यावरच सांगितलं होतंस, "पोरीची कल्पना अस्सल आहे, वाया घालवली." हे तिला सांगितलं असतंस तर? तेवढं एक वाक्य?

काल दुपारी स्टाफरूममधून मी तिला फोन केला. मागे ब्लोअरचा आवाज येत होता, फवारणी चालू असावी. तिने ओळखलं, "बोला सर" म्हणाली, आणि यंत्र बंद करायला सांगितलं. मी तिला सगळं सांगितलं. समितीचं चित्र, जुना नकाशा, माझी अंतरं, मोडलेली रेघ. म्हणालो, तुझ्या पद्धतीशिवाय हे पुढे जाणार नाही, मी फाइल पाठवतो, पुढच्या पेपरावर तुझं नाव पहिलं राहील.

मग तिने विचारलं, "सरांना माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

"नक्की?"

"नक्की. त्याला कळलंच नव्हतं, रूपाली. चुकून राहून गेलं."

"मलाही माहीत नव्हतं, सर," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, राग नाही, रडू नाही. "फाइल पाठवू नका."

पलीकडे ब्लोअर पुन्हा सुरू झाला आणि फोन बंद झाला. मी तुला एक सणसणीत शिवी हासडली, भर स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत. तुझी खुर्ची अजून कुणी उचललेली नाही. तिच्याकडे बघून दिली.